रिपोर्ट नॉर्मल, मग आजार कुठे?

"मेंदूचा फोटो काढून नेमकं औषध का देत नाहीत?" हा प्रश्न हल्ली सारखा कानावर येतो. म्हणून एका शिक्षिकेची हकिगत, ओळखीचे तपशील बदलून.

दोन वर्षांचं नैराश्य, "तीन औषधं फेल". यजमानांनी एमआरआयची फाइल पुढे सरकवली. रिपोर्ट नॉर्मल. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी ढोंग करते का हो?"

नाही. साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, रक्तस्राव, जुना झटका नाही ना, हे बघायला तो काढतात. नैराश्य त्यात दिसत नाही.

मुलाने अमेरिकेतून स्टॅनफर्डच्या उपचाराची माहिती पाठवली होती. ती खरी आहे. तिथे फंक्शनल एमआरआय काढतात. माणूस निवांत पडलेला असताना मेंदूच्या कोणत्या भागांचं काम जोडीने चढतं-उतरतं, ते त्यात कळतं. नैराश्याशी संबंधित खोलवरच्या सबजेन्युअल भागाचं काम चढलं की जिचं उतरतं, ती जागा डाव्या कपाळामागे शोधून चुंबकीय स्पंदनं तिथेच देतात. रोज १० सत्रं, ५ दिवस, एकूण ९०,००० स्पंदनं. २०२२ मध्ये एफडीएने (अमेरिकेतली औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) याला मान्यता दिली. जुन्या पद्धतीत अंगठा हलवणाऱ्या जागेपासून ५ सेंमी पुढे मोजायचे. डोकी सारखी नसतात, त्यामुळे काहींच्या बाबतीत नेम चुकायचा. (डोक्यात धातू किंवा फिट्सचा इतिहास असेल तर आधी सांगायलाच हवं.) पण हा स्कॅन स्पंदनांची जागा सांगतो, गोळीचं नाव नाही.

मग मी कोऱ्या कागदावर रकाने आखले: औषध, डोस, आठवडे, का थांबवलं.

"एस्सिटालोप्राम?"
"मळमळायचं. दहा दिवसांत सोडलं."
"सर्ट्रालिन?"
"पन्नास मिलिग्रॅम, तीन आठवडे. मग बोर्डाच्या परीक्षा आल्या, राहूनच गेलं."

तिसरं मात्र पूर्ण डोसात दोन महिने घेतलं होतं. त्या कागदाकडे बघत राहिल्या. "म्हणजे खरं फेल एकच झालं?"

तीन स्कॅननी दाखवलं नसतं ते या रकान्यांनी दाखवलं. पुरेशा डोसात निदान चार ते सहा आठवडे घेतल्याशिवाय औषध फेल धरत नाहीत. अशी दोन औषधं निष्फळ ठरली की मगच आजार उपचारांना दाद न देणारा आहे, असं मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात. थायरॉइडची तपासणीही राहून गेली होती.

तक्ता डॉक्टरांकडे गेला. सर्ट्रालिन जेवणानंतर, कमी डोसापासून पुन्हा सुरू झालं. सहाव्या आठवड्याच्या ओळीत बाईंनी लिहिलं होतं: झोप लागते. सकाळ अजून जड.