बप्पा ‘गहाण’ म्हटलं की उठतात, त्याचं काय करायचं

तुम्ही विचारलंय की लातूरच्या ब्रँचला लोन ऑफिसर म्हणून लागून ४ महिने झाले, साठी-सत्तरीचे घरमालक, आपले बप्पा लोक, चौकशीला येतात, चहा पितात आणि ‘गहाण’ शब्द निघाला की उठून जातात, तर त्यांना कन्व्हिन्स कसं करायचं. मी बीड, परभणी, लातूर ह्या पट्ट्यात घरकर्जातच २२ वर्षं काढली, आता रिटायर आहे, म्हणून लांबलचक लिहितो, सावकाश वाचा.

पहिलं म्हणजे कन्व्हिन्स करायचं डोक्यातून काढा. तो माणूस कामून उठतो ते बघा आधी. आपल्याकडं सावकाराने ‘गहाण आहे’ म्हणून सांगायचं आणि कागद मात्र खरेदीखताचा करून घ्यायचा, हे गावोगाव झालंय, २०१४ चा सावकारी कायदा काय उगाच आला नाही. त्यामुळं बप्पांची भीती अडाणीपणाची नाही, अनुभवाची आहे. मी काय करायचो, कागद पुढं ठेवून सांगायचो, हे बघा वर काय लिहिलंय, खरेदी नाही, गहाण आहे, घर तुमच्याच नावावर राहणार आणि कर्ज फिटलं की ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे ऐकलं की माणूस परत खुर्चीत टेकतो.

दुसरं, गरज नेमकी काय ते काढून घ्या. एक रिटायर गुरुजी आलते, बायकोचे गुडघे गेलेले, संडास वरच्या मजल्यावर, खाली बांधायचा होता, वर छत गळतंय, सगळं मिळून ३ लाख. आमच्या साहेबांना वाटलं घर तारण घेऊन मोठं लोन करू. मी गुरुजींना सांगितलं, पेन्शन ज्या बँकेत जमा होते तिथं पेन्शन लोन विचारा, घर अडकवायची गरजच नाही. साहेब आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी. पण त्याच गुरुजींनी पुढं ४ जणं पाठवली राव, ते टार्गेटमध्ये कुठं धरणार?

रिव्हर्स मॉर्गेज बऱ्याच ज्येष्ठांना माहीतच नसतं, २००७ च्या बजेटमध्ये जाहीर झालं तरी. ६० च्या पुढचा माणूस, स्वतः कमावलेलं आणि स्वतः राहतो ते घर, ते तारण घेऊन बँकच पैसे देते, हप्ता आपण भरायचा नाही, आणि दोघं नवरा-बायको गेल्यावर हिशोब. वारसांना कर्ज फेडून घर सोडवायचा पहिला हक्क असतो. पण गोड बोलून विकू नका, आकडा कागदावर मांडा. समजा महिना १०,००० आणि व्याज १० टक्के, १५ वर्षांत हातात आले १८ लाख, देणं झालं साधारण ४१ लाख, कारण व्याजावर व्याज चढतं. हे ऐकूनही ज्याला पाहिजे, ज्याचं मूल परदेशात आहे किंवा मागं कोणी नाही, त्याच्यासाठी ही चीज आहे. बाकीच्यांना लई महाग पडते.

आपल्याकडचा खरा अडथळा मात्र कागदाचा. गावठाणातलं घर, हातात फक्त नमुना ८, तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा नाही. नाहीतर घर आजोबांच्या नावावर, वारस नोंद झालेली नाही, बहिणींचा हिस्सा तसाच. वडिलोपार्जित घर रिव्हर्स मॉर्गेजला चालत नाही, हे प्रोसेसिंग फी घ्यायच्या आधी सांगा, नंतर नाही. ग्रामपंचायत, भूमी अभिलेख, कुठल्या खिडकीला कोणता अर्ज, हे एका कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या. ह्याला अर्धा तास जातो पण म्हाताऱ्या माणसाच्या चार चकरा वाचतात.

आणि मुलगा सोबत आला, तोच सगळं बोलतोय, आई नुसती मान हलवतेय, तर एकदा मुलाला झेरॉक्स आणायला पाठवा अन् मावशींना विचारा, पैसे कुणाला पाहिजेत? एकदा अशाच एका माऊलीने हळूच सांगितलं, ‘पोराला गाडी घ्यायचीय, मला काय कळत नाही बाबा’. त्या फाइलवर मी सही केली नाही. मुलाने वर तक्रार केली, चौकशी झाली, चार दिवस झोप नव्हती मला.

ऑक्टोबर २०२४ पासून घरकर्जाला मुख्य तथ्य पत्रक द्यायचं बंधन आहे, सगळा खर्च आणि खरा वार्षिक दर त्यात, ते कर्जदाराला समजेल त्या भाषेत, आणि विचार करायला किमान ३ कामाचे दिवस. ते पत्रक घरी न्यायला द्या, म्हणा लेकीला फोनवर वाचून दाखवा. विम्याची पॉलिसी गुपचूप चिकटवू नका, आमच्या काळात हे लई चाललं, मीही दोन-तीनदा गप्प बसलो.

अजून एक, मे महिन्यात दुपारी २ ला त्यांना ब्रँचला बोलवू नका. सकाळी १० च्या आत किंवा संध्याकाळी तुम्हीच जा. ओसरीवर बसा, पाणी घ्या, जनावरांची चौकशी करा, फाइल पिशवीतच राहू द्या.