चरात माणूस उतरवण्याआधी

साइटवर नवीन सुपरवायझर म्हणून लागलायस, तर आधी ड्रेनेजचा चर बघायला शिक. काळी माती असेल तर जास्तच जप. उन्हाळ्यात ती टणक दिसते. पण काठावर चराला समांतर बारीक भेग दिसली की माणसं वर काढ, मुकादम काहीही म्हणो. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूससुद्धा गुदमरतो, कारण श्वास सोडला की माती आणखी आवळते.

दीड मीटरच्या खाली गेलास की फळ्या आणि आडवे टेकू लाव, नाहीतर कडा उतरत्या काप. "अर्ध्या तासाचंच काम आहे साहेब" हे रोज ऐकशील. (फळ्या नेमक्या त्याच दिवशी दुसऱ्या साइटवर गेलेल्या असतात!) काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब टाकायला लाव; जेसीबीवाला आळसानं जवळच ढीग घालतो. शिडी हवीच.

पाऊस पडून गेला असेल तर स्वतः पाहिल्याशिवाय कुणाला उतरवू नकोस. आणि कड ढासळलीच, तर फायर ब्रिगेडला फोन कर, पण सोबत्यांना मागोमाग उडी मारू देऊ नकोस. उरलेली कड त्यांच्यावरच येते.