सायकलीला शिंगं फुटली!

या वेळच्या प्रश्नोत्तरांचा विषय घरातली जुनी सायकल आणि तिला दिलेला घरगुती अवतार. प्रश्न बरेच आले, पैकी चार घेतलेत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, पण तो प्रश्नच तसा आहे.

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्या गोठ्यात आजोबांची काळी 24 इंची ॲटलास पडून आहे, रॉड ब्रेकवाली. आजोबांना बैलांचा भारी नाद होता, आता घरात बैल नाहीत, पॉवर टिलर आहे. म्हणून म्हटलं यंदा कर्नाटकी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, ह्या सायकललाच बैलासारखं सजवू, शिंगं, झूल, घुंगूर सगळं. वेल्डिंगवाला म्हणतोय तासाभरात लोखंडी शिंगं मारून देतो, बाबा म्हणतात भंगारात घाल. काय करू सांगा की. (एक वाचक, जांबोटी भाग, ता. खानापूर)

उत्तर : आयडिया एक नंबर आहे, फक्त वेल्डिंगवाल्याला आजच नको म्हणून सांगा. ह्या जुन्या सायकलींच्या नळ्या सांध्यात पितळ वितळवून जोडलेल्या असतात, सांध्याच्या आसपास वेल्डिंगची आच लागली की तो जोड कमजोर होऊ शकतो, आणि हँडलवर मारलं तर तिथलं निकेल जळून काळं पडतं ते परत येत नाही. वर लोखंडी शिंगांचं वजन हँडलवर, म्हणजे वळताना सायकल एका अंगाला ओढणार आणि पडलात तर पोटात घुसणार. माझा नियम सोपा आहे : जे काय लावाल ते क्लिपनं नाहीतर नट-बोल्टनं लावा, बेंदूर झाला की पान्ह्यानं सगळं उतरलं पाहिजे आणि खाली आजोबांची सायकल होती तशी राहिली पाहिजे.

शिंगं कागदाची करा. हसू नका. बाइंडिंग वायरचा शिंगासारखा सांगाडा वाकवायचा, बुडाला जाड, शेंड्याला निमुळता, लांबी दीड वीत बास. मग मैद्याची खळ शिजवायची, तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं (नाहीतर झुरळं आणि कसर खाऊन टाकतात, पण मोरचूद विषारी असतं, घरातल्या भांड्यात कालवू नका आणि पोरांचा हात लागू देऊ नका), पेपरच्या पट्ट्या भिजवून एकावर एक गुंडाळायच्या, एक थर कडक वाळल्याशिवाय दुसरा थर नाही. घाई केली की आतून ओलं राहतं आणि बुरशी येते. चार-पाच थर झाले की पॉलिश पेपर, मग ऑइल पेंट, आणि शेवटी वार्निशचे दोन हात. बुडाचं भोक एम-सीलनं बंद करा, कारण तुमच्याकडच्या पावसाला वार्निश एकटं पुरत नाही. टोकाला पितळी शेंब्या घालायच्या असतील तर गोल गोंड्याच्या घ्या, टोकदार नकोत, गर्दीत कुणाच्या डोळ्याला लागलं म्हणजे सगळा सण बाजूलाच राहिला.

बसवताना आधी हँडलवर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा आणि वरून पाइपवाले वापरतात ती होज क्लिप आवळा. आता नीट बघा, तुमच्या सायकलला वायरचे ब्रेक नाहीत, ब्रेकचे रॉड हँडलच्या खालूनच जातात, क्लिप आवळताना रॉड त्यात दाबला गेला तर ब्रेक लागतच नाही किंवा लागला की सुटत नाही. म्हणून क्लिप मधल्या खुंट्याजवळ (हँडलच्या उभ्या दांड्याजवळ) घ्या, मग हँडल दोन्हीकडं पूर्ण फिरवा, दोन्ही ब्रेक दाबा, सोडा, रॉड मोकळा परत येतोय का बघा. तो येत नसेल तर शिंगं कितीही देखणी असू देत, काढा.

तोंडाचं काय करायचं हे तुम्ही विचारलंच नाही, पण ते मला जास्त आवडीचं. पिकासोनं 1942 साली सायकलची एक सीट आणि एक हँडल एवढंच जोडून बैलाचं डोकं केलं होतं, सीट म्हणजे तोंड आणि हँडल म्हणजे शिंगं, बाकी काही नाही. तुमच्या गावच्या सायकल दुकानात फाटकी चामड्याची सीट अशीच मिळेल. ती अरुंद टोक खाली करून पुढच्या दिव्याच्या ब्रॅकेटला बोल्टनं लावा, ब्रॅकेटला भोक आधीच असतं. कपाळावर माथोटी बांधा, नाकात सुताची वेसण. डोळे काढू नका बरं का, डोळे काढले की ते शाळेच्या गॅदरिंगचं मुखवटं दिसायला लागतं. दिवा खाली चिमट्यावर (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कवर) घ्या.

झूल फक्त मागच्या कॅरियरवर. दोन्ही बाजूला लेडीज सायकलला असते तशी साडी-गार्डची जाळी लावा आणि झुलीची कड त्या जाळीला शिवून टाका, नाहीतर वारं आलं की कापड तारांत जातं आणि चाक जागच्या जागी लॉक होतं. गोंडे चाकाच्या आसपास अजिबात नकोत. घुंगूरमाळ हँडलला बांधतात सगळे, मी म्हणतो सीटच्या स्प्रिंगला बांधा, खड्ड्यात सीट हलली की आपोआप वाजते, आणि आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांची कमी आहे होय? शेपूट काथ्याची, पण मागचा लाल रिफ्लेक्टर आणि मडगार्डचा पांढरा पट्टा तिच्यामागं झाकला जाता कामा नये.

दिवसांचा हिशोब आत्ताच करा. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला, मृग निघतो जूनच्या 7-8 तारखेला, म्हणजे रंगाचं काम मे महिन्यातच उरकायला पाहिजे, कणकुंबीकडनं पाऊस एकदा उतरला की ऑइल पेंट दिवसेंदिवस चिकटच राहतो.

बाबांसाठी एक गोष्ट. ॲटलास कंपनी सोनीपतला 1951 साली निघाली आणि तिचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद पडला, तोसुद्धा नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. तेव्हा पुढचा तो पृथ्वी उचललेल्या माणसाचा बॅज असेल तर काढू नका, त्याच्यावर रंगही मारू नका. नगरपालिकेचा जुना सायकल कराचा बिल्ला कुठं अडकलेला असला तर तोही तसाच राहू दे. पार्टची काळजी नको, 28 × 1½ चा टायर (24 इंच ही फ्रेमची उंची, चाक 28 चं) आजही मिळतो, आणि एखादा बुश किंवा कॉटर पिन नाहीच मिळाली तर बेळगावात उद्यमबागेत लेथवाले काय कमी आहेत?

प्रश्न : निपाणीहून विचारतेय. वडिलांची सायकल तंबाखूच्या वखारीत वर्षानुवर्षं पडली होती, गंजली आहे. पिवळाधमक रंग देऊन लिंबाची थीम करायची आहे. थेट स्प्रे मारला तर चालेल का? (एक वाचक)

उत्तर : ताई, थेट मारलात तर एका पावसाळ्यात लिंबाचं लोणचं होईल. गंजावर रंग धरत नाही, पापुद्रा सुटतो. पहिल्यांदा 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220, मग रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की 400 नंबरनं पाण्यात घासायचं आणि मग रंग. ब्रशनं ऑइल पेंट मारलात तरी छान येतो, फक्त पातळ हात द्या, एकदम जाड नको. रिमला रंग देऊ नका, स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवून घासा, निकेल बऱ्यापैकी चमकतं. रॉड ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या बाजूला लागतात, तिथं तर रंगही नको आणि तेलही नको.

चेन सोडवून डिझेलमध्ये भिजत ठेवा. छर्रे बदलून, ग्रीस भरून, रिमचा आउट (वाकडेपणा) काढून घ्या, म्हणजे दुकानात फक्त ‘ओव्हरऑइलिंग करा’ म्हणायचं, त्यात सगळं आलं. हे रंगाच्या आधी करायचं, नंतर केलं की नव्या पिवळ्यावर मिस्त्रीच्या ग्रीसचे पंजे उठतात. आणि लिंबाची थीम म्हणून प्लास्टिकची लिंबं टांगणार असाल तर माझं मत विचारू नका. पिवळा रंग, हिरवी सीट आणि घंटीवर लिंबाची एक फोड रंगवलेली, पुरे झालं.

प्रश्न : शहापुरात राहतो. शिवजयंतीच्या चित्ररथाच्या मिरवणुकीत आमची पोरं सजवलेल्या सायकली घेऊन चालणार आहेत. डायनॅमोवर 12 व्होल्टची एलईडी पट्टी पेटेल काय? (मंडळाचा एक कार्यकर्ता)

उत्तर : नाही पेटणार. सायकलचा डायनॅमो साधारण 6 व्होल्ट, 3 वॅटचा, तोही चाकाच्या स्पीडवर, म्हणजे उतारावर भगभग आणि चढावर मिणमिण. तुमची मिरवणूक तर रात्रभर चालणार, ती पण ढोल-ताशाच्या चालीनं, त्यात डायनॅमो काय देणार! 5 व्होल्टची यूएसबीवर चालणारी पट्टी घ्या, सीटमागच्या पान्ह्याच्या पिशवीत पॉवर बँक ठेवा आणि वायर फ्रेमला टाय मारून चिकटवत न्या, लोंबती ठेवू नका. एक पॉवर बँक जादा चार्ज करून कुणाच्यातरी खिशात असू द्या. डायनॅमो मात्र काढू नका, तो नुसता दिसायलाही भारी असतो.

प्रश्न : माझी भाची अजून सीटवर पोचत नाही, मधल्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारते. तिला सायकलचं ‘घर’ करायचंय, मधल्या त्रिकोणात पुठ्ठ्याच्या भिंती आणि खिडक्या. करू द्यावं का? (मावशी, येळ्ळूर)

उत्तर : मग पाय कुठनं घालणार ती? त्रिकोण मोकळाच राहू द्या. घर कॅरियरवर बांधा, पुठ्ठ्याऐवजी पत्र्याचा रिकामा तेलाचा डबा घ्या, कडा आत वाकवून. खिडक्या तिलाच रंगवू द्या, कापायचं काम तुम्ही करा.