‘एकलकोंडा’ जपून वापरा

मराठी लिहायला सुरुवात केलीत, छान! ज्याला मित्र नाहीत तो ‘एकलकोंडा’, असं सरसकट लिहू नका. नवशिक्यांची नेहमीची चूक हीच. एकलकोंडा म्हणजे स्वभावानेच लोकांत न मिसळणारा. शब्दात किंचित टीकाही असते. नव्या शाळेत अजून कुणाशी ओळख न झालेली मुलगी एकलकोंडी नव्हे, ‘एकटी’. त्याची सल असेल तर ‘एकाकी’.

रूपं सांभाळा:
- एकलकोंडा, एकलकोंडी. पण ‘एकलकोंड्या मुलाला’.
- ‘एकाकी’ बदलत नाही: एकाकी मुलगा, एकाकी मुलगी.

‘मित्रहीन’ तूर्त बाजूला ठेवा, फार पुस्तकी वाटतो. बोलताना सरळ म्हणा, ‘त्याला कुणी मित्रच नाहीत.’ बाकीच्या छटा वाचता वाचता कळतील.