प्रमोशन नेमकं कुठे अडलंय?

प्रश्न: माझ्या मुलीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. चार वर्षांपासून ती बुटीबोरीच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिच्यासोबत लागलेला मुलगा, तोही डिप्लोमावालाच, सुपरवायझर झाला. ही अजून इनकमिंग इन्स्पेक्शनलाच आहे. रात्रपाळीला आम्हीच नाही म्हटलं होतं. आता तिला एमबीए करायला लावावं का?
– एक वडील, नागपूर

उत्तर: सप्रेम नमस्कार.

एमबीएला पदवी लागते, दहावीनंतरचा डिप्लोमा चालत नाही. म्हणजे आधी बी.ई. किंवा बी.टेक. डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत वर्ग चालवायला एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) कॉलेजांना परवानगी दिली आहे. नागपुरात ते कुठे सुरू आहेत, याची चौकशी करा. पदवी तिने जरूर घ्यावी. पण तिचं प्रमोशन पदवीपायी अडलेलं नाही. तो मुलगा पदवीशिवायच पुढे गेला ना!

इनकमिंगला आलेला माल मोजायचा, पास की रिजेक्ट ते लिहायचं. वर्षभरात हात बसतो, मग रोज तेच. खरं शिकणं उत्पादनाच्या लाईनवर होतं. तिथे अचानक रिजेक्शन वाढतं, ग्राहकाची तक्रार येते, 8डी रिपोर्टसाठी (तक्रार कशी सोडवली याचा आठ टप्प्यांचा अहवाल) मूळ कारण शोधावं लागतं, ऑडिटरला उत्तर द्यावं लागतं. रात्री तर मॅनेजर घरी असतो, लाईन थांबवायची की नाही हे शिफ्टवरच्या माणसालाच ठरवावं लागतं. सुपरवायझर निवडताना साहेब हेच बघतात. तुमच्या नकाराने ही संधी तिच्या हातून गेली, असं मला स्पष्ट वाटतं.

तुमची काळजी खोटी नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाने बायकांची कामाची वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7 अशीच बांधली होती. महाराष्ट्रात पुढे रात्रपाळीला वाट मिळाली, ती सुरक्षिततेच्या आणि ने-आण करण्याच्या अटींवर. म्हणून कंपनीची गाडी घरापर्यंत येते का, पाळीत आणखी बायका असतात का, हे तिला विचारा. आणि तिची स्वतःची इच्छा काय आहे? तुमच्या पत्रात ती कुठेच नाही.

रात्रपाळी तिला नकोच असेल, तर दिवसपाळीतही मार्ग आहे. तिने साहेबांकडे प्रमोशन मागण्याआधी काम मागावं: ग्राहकांच्या तक्रारी किंवा सप्लायर ऑडिट, म्हणजे माल पुरवणाऱ्यांकडची तपासणी. सहा महिन्यांत तसं काम मिळालं नाही, तर हिंगणा, मिहानकडच्या कंपन्यांत अर्ज करावेत.

हे बोलणं मात्र तिलाच करू द्या. तुम्ही एचआरला फोन करू नका.