खिडकी बुजवू का पत्र्याचं काही करू?

प्रश्न : नमस्कार मॅडम, आम्ही औसा तालुक्यातले. गावाकडचं माळवदाचं घर सोडून दोन वर्षं झाली लातूरला आलोत, प्लॉट घेऊन दोन खोल्या काढल्या, वर पत्रे टाकले, पैसे आले की स्लॅब टाकू म्हणून. पण या घरात आल्यापासून कुणालाच बरं नाही बघा. सासूबाईंचं बीपी गोळी चालू असून वरखाली व्हायलंय, चक्कर येते, लेकरं रात्रभर कुशी बदलतात, मिस्टर बारक्या बारक्या गोष्टीवरून चिडायलेत आणि मागच्या पावसाळ्यात मोठ्याला डेंग्यू झाला, अॅडमिट करावं लागलं. आता एक वास्तुवाले येऊन गेले. ते म्हणले नैऋत्येची खिडकी बुजवा, पाण्याचे ड्रम ईशान्येला न्या अन् एक यंत्र बसवा, सगळं मिळून ३५ हजार. सासूबाई म्हणतात करून टाका, मिस्टर म्हणतात खुळचटपणा आहे. घराचा खरंच तब्येतीवर परिणाम होतो का?
– एक सून, लातूर

उत्तर : होतो ताई, चांगलाच होतो. सासूबाईंचं निदान बरोबर आहे, औषध तेवढं चुकायलंय.

आधी एक, ती खिडकी बुजवू नका हो! तुमच्या खोलीला दार एका बाजूला अन् खिडकी दुसऱ्या बाजूला असेल तर वारा आरपार जायची तेवढी एकच वाट आहे, ती बुजवली की मेमध्ये खोलीची भट्टी होईल. दुपारी तिच्यावर ओलं बारदान टाका आणि ऊन उतरलं की सताड उघडा, जाळी मात्र बसवून घ्या.

आता खरा दोषी, म्हणजे पत्रा. माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा, भिंती दोन-दोन हात रुंद, दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या आणि आपल्या भागात जड छताची जी धास्ती बसली ती काही उगीच नव्हती, तेव्हा गावाकडचंच घर बरं होतं असं मी तुम्हाला म्हणणार नाही. फक्त डोक्यावरची माती गेली अन् तिच्या जागी ऊन आलं, त्याचा बंदोबस्त कुणी केला नाही. दिवसभर पत्रा आग ओकतो, रात्री तो निवतो पण भिंती निवत नाहीत. झोप लागायला अंगातली उष्णता जरा उतरावी लागते, ती उतरत नाही म्हणून लेकरं तळमळतात, आणि रोजची अर्धी झोप घेतलेला माणूस चिडणार नाही तर काय करणार, मिस्टरांना थोडी सूट द्या.

सासूबाईंचं मात्र अंगावर काढू नका. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यात उन्हाळ्यात घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की उठताना डोळ्यापुढं अंधारी येते. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना दाखवा, पण मनानं गोळी बंद करू नका. खोलीत पारा ४० च्या वर गेला की नुसता फॅन गरम हवाच अंगावर मारतो, तेव्हा ओल्या पंचानं अंग पुसत राहा, दुपारी त्यांची बाज लिंबाखाली टाका.

पत्र्याला वरून पांढरा रंग द्या. नुसता चुना पत्र्यावर टिकत नाही, पोपडे निघतात, म्हणून छताचा म्हणून पांढरा रंग मिळतो तो घ्या. अहमदाबादला २०१० च्या उन्हानं खूप माणसं दगावली, मग २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेनं उष्णतेचा आराखडा केला आणि पुढं वस्त्यांमधली हजारो छतं अशीच पांढरी केली. आतून हातभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधले तर आणखी फरक पडतो. वर कडबा टाकायचा असेल तर वायरिंग आधी बघून घ्या, एक ठिणगी पुरते. आणि भांडी धुतलेल्या पाण्यावर दुधी भोपळ्याचा वेल पत्र्यावर चढवा, सावलीही होते अन् भाजीही.

ड्रमचं दुखणं वेगळं. तुमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं असं धरते. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंतचं काम पण साधारण ८-१० दिवसांतच उरकतं, आणि त्याला घाण नाही, साठवलेलं चांगलं पाणीच आवडतं. त्यामुळे ड्रम ईशान्येला न्या नाहीतर वायव्येला, डासाला काही फरक पडत नाही. जुन्या सुती लुगड्याचं फडकं दोरीनं घट्ट बांधा, आणि नळ यायच्या आदल्या दिवशी ड्रम रिकामा करून आतून ब्रशनं घासा. नुसता उपडा करून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात.

यंत्राचं म्हणाल तर सासूबाईंच्या समाधानासाठी देव्हाऱ्यात एक दिवा जास्त लावा. ३५ हजारांत रंग, तट्टे, जाळी सगळं होऊन वर शिल्लक राहील.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत १० तास बसतो. खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते, म्हणून ती बंदच असते. डोकं जड होतं. जागा बदलू का?
– एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी खिडकी उघडा की राव, वीस-पंचवीस जणांच्या श्वासानं कोंदलेल्या हवेत कुणाचंही डोकं जड होईल. भिंतीचं म्हणाल तर १९८४ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटचा. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची ते विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास छोटा होता, त्यावरून झाड बघून मार्क वाढतात असं काही म्हणता येत नाही. पण सकाळी हिमायत बागेत अर्धा तास चक्कर मारायला काय हरकत आहे, मोबाईल तेवढा रूमवर ठेवून जा.