पाहुण्या मित्रांना उतारावर नेताना

प्रश्न : हिवाळ्यात माझे पुण्याचे दोन मित्र नागपूरला येत आहेत. माउंटन बाईकवरून डोंगर उतरण्याची त्यांना फार हौस आहे, पण सवय फक्त सपाट रस्त्याची आहे. पुढे आम्ही तिघे एखाद्या बाईक पार्कला, म्हणजे सायकलने डोंगर उतरण्यासाठी खास मार्ग आखलेल्या ठिकाणी, जाणार आहोत. त्यांची तयारी कशी करून घ्यावी?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : पाहुण्यांची हौस भागवण्याच्या भरात आपण त्यांना आपल्या वेगाने ओढत नेतो, आणि बहुतेक अपघातांचे मूळ तिथेच असते, असे माझे मत आहे. नागपुरातल्या सेमिनरी हिल्स टेकडीचा रस्ता म्हणजे काही बाईक पार्क नव्हे; मात्र पहाटे, रहदारी नसताना, तिथे ब्रेकचा सराव उत्तम होतो. सीट खाली घ्यायला लावा, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून किंचित उभे राहायला सांगा आणि नजर चाकापुढे नव्हे, तर पुढच्या वळणावर ठेवायला शिकवा. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक सहसा पुढच्या चाकाचा असतो, परंतु भाड्याच्या सायकलीवर उलटही असू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी जागेवरच दाबून पाहावा. सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक एकदम आवळला, तर चाक घसरते. ब्रेक सतत घासत ठेवल्यास तापतो, त्यामुळे वळणाआधीच वेग उतरवावा.

पार्कमध्ये हनुवटी झाकणारे हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड अनिवार्य समजा. सुरुवात हिरव्या खुणेच्या सोप्या मार्गावरूनच करा, आणि तुम्ही स्वतः सर्वांच्या मागे राहा.